डिझाइनचे निर्णय आपोआप कसे नोंदवायचे: गिट, सीआय आणि एआयच्या मसुद्यासह

बहुतेक टीम पहिल्याच दिवशी टूल बसवतात. थोड्याच महिन्यांत फोल्डरमध्ये फाइलींचा ढीग साठतो आणि ‘जॉबसाठी वेगळा ब्रोकर (संदेशांची रांग सांभाळणारा सर्व्हर) का नाही घेतला?’ या साध्या प्रश्नाचं उत्तर त्यातल्या एकाही फाइलीत सापडत नाही. कारण नोंद झाली ती बदलाची. बदल तर गिट, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारं टूल, तसाही ठेवतंच. निर्णय आणि त्यामागचा विचार कुणाच्या तरी डोक्यात राहिला, आणि ते डोकं नोकरी बदलून गेलं.

या कामात आपोआप होण्यासारख्या गोष्टी चार आहेत: निर्णयाची वेळ ओळखणं, मसुद्याचा कच्चा माल गोळा करणं, नोंद राहून गेली तर अडवणं, आणि नोंद कोडला जोडणं. कारण लिहिणं आणि ‘हो, हेच कारण होतं’ म्हणून मान्यता देणं माणसाकडेच ठेवायचं. लेख गिट आणि गिटहब (गिटमधला कोड ठेवायची वेबसाइट) धरून लिहिला आहे. गिटलॅबवर काही नावं बदलतील, क्रम तोच राहील.

## तयारी: टूलला हात लावण्याआधी

### १. नोंद कशाची करायची ते ठरवा

कसोटी सोपी ठेवा. दोन जाणकार माणसांनी इथे वेगवेगळी निवड केली असती का? आणि ही निवड सहा महिन्यांनी फिरवायची तर महाग पडेल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच नोंद. फंक्शनचं नाव बदललं, एखादी चूक दुरुस्त केली, लायब्ररीची आवृत्ती वाढवली, याला कमिट मेसेज (गिटमध्ये बदल नोंदवताना लिहायचा मजकूर) पुरतो.

आता ही कसोटी यंत्राला कळेल अशा भाषेत आणायची, म्हणजे फाइलींच्या पत्त्यांत. सुरुवातीची यादी साधारण अशी असते:

- पॅकेजच्या यादीत नवी डिपेंडन्सी (बाहेरची लायब्ररी) आली
- डेटाबेसची रचना बदलणाऱ्या मायग्रेशनची नवी फाइल आली
- बाहेरच्यांना दिलेल्या एपीआयचा करार बदलला
- लॉगिन, परवानग्या किंवा एन्क्रिप्शन हाताळणाऱ्या फोल्डरला हात लागला
- डिप्लॉयमेंटच्या कॉन्फिगरेशनमध्ये नवी सेवा आली

एक मोठी फट या यादीतून सुटतेच. काही निर्णय ‘न करण्याचे’ असतात. कॅश लावायची नाही, मायक्रोसर्व्हिस फोडायची नाही, अमुक डेटा साठवायचाच नाही. यांचा एकही डिफ (कोडमधला फरक) निघत नाही, म्हणून कोणताही हुक (ठरावीक वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) त्यांना पकडत नाही. यासाठी इश्यू ट्रॅकरमध्ये ‘निर्णय’ असं लेबल ठेवा. हे लेबल असलेला इश्यू बंद झाला की स्क्रिप्टने मसुद्याची फाइल घालून पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये मर्ज करण्याआधी, म्हणजे मिसळण्याआधी, तपासायला देण्याची विनंती) उघडावी. माझ्या मते सगळ्यात मोलाच्या नोंदी याच वाटेने येतात, कारण हाच वाद दर वर्षी नव्याने उकरला जातो.

तपासणी: मागच्या महिन्यात मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टवर ही यादी लावून बघा. दहात एखाद-दुसरी अडकली तर ठीक. निम्म्या अडकत असतील तर यादी फार व्यापक आहे, आणि लोक पळवाट शोधणार हे नक्की.

### २. जागा एकच ठेवा, आणि ती रेपोमध्ये

नोंदी कोडच्याच रेपोमध्ये (कोड आणि त्याचा इतिहास असलेल्या गिटच्या साठ्यात) मार्कडाऊन फाइली म्हणून ठेवा, डॉक्सच्या आत ‘डिसिजन्स’ अशा फोल्डरमध्ये. विकीवर ठेवलेली नोंद कोडच्या ब्रँचबरोबर (समांतर शाखेबरोबर) हलत नाही आणि रिव्ह्यूतही येत नाही. पुल रिक्वेस्टचं वर्णन आणि त्याखालची चर्चा गिटच्या इतिहासात नसते, ती त्या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये असते. उद्या रेपो दुसरीकडे हलवलात तर कमिट येतील, चर्चा आपोआप येणार नाही.

एकाहून जास्त रेपोंना लागू होणारा निर्णय असेल तर तेवढ्यासाठी वेगळा रेपो करा. तीच नोंद चार ठिकाणी उतरवू नका. चारांपैकी एकच अद्ययावत राहते, आणि कोणती ते कुणालाच ठाऊक नसतं.

### ३. साचा एका पानात बसवा

मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेला साचा आजही पुरतो: शीर्षक, स्थिती, परिस्थिती, निर्णय, परिणाम. यालाच एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात. त्यात मी दोन रकाने सक्तीचे करतो: ‘नाकारलेले पर्याय’ आणि ‘पुन्हा विचार कधी’. निवडलेला पर्याय कोडमध्ये दिसतोच. नाकारलेला कुठेच दिसत नाही. पायथॉन भाषेतल्या बदलांच्या पीईपी प्रस्तावांच्या साच्यात नाकारलेल्या कल्पनांसाठी वेगळा विभागच असतो, तो याच कारणासाठी.

भरलेला साचा कसा दिसतो त्याचा एक नमुना (पोस्टग्रेस हा डेटाबेस; रॅबिटएमक्यू आणि काफ्का संदेश पोचवणारे ब्रोकर; आउटबॉक्स म्हणजे पाठवायचे संदेश आधी डेटाबेसात ठेवणारं टेबल; ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या ओळी वगळून ओळ उचलणं; ऑटोव्हॅक्यूम म्हणजे पोस्टग्रेसमधली मेलेल्या ओळींची आपोआप सफाई):

> शीर्षक: पार्श्वभूमीतल्या कामांची रांग पोस्टग्रेसमध्येच ठेवायची
>
> स्थिती: प्रस्तावित
>
> परिस्थिती: ऑर्डर सेव्ह झाली की पावतीचा ईमेल जायलाच हवा. ऑर्डर पोस्टग्रेसमध्ये आहे. ब्रोकर वेगळा असेल तर ऑर्डर कमिट झाली पण संदेश पोचलाच नाही, किंवा संदेश गेला आणि ऑर्डर रोलबॅक झाली, असं होऊ शकतं.
>
> निर्णय: जॉबची ओळ ऑर्डरच्याच ट्रॅन्झॅक्शनमध्ये घालायची. वर्कर ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ वापरून ओळ उचलेल.
>
> नाकारलेले पर्याय: रॅबिटएमक्यू: दोन ठिकाणी लिहिण्याचा प्रश्न सोडवायला आउटबॉक्स टेबल लागलंच असतं, शिवाय सांभाळायला आणखी एक सर्व्हर. काफ्का: वाचणारी सेवा एकच आहे, जुने संदेश पुन्हा वाचायची गरज नाही.
>
> परिणाम: रांगेचा भार मुख्य डेटाबेसवर येईल. टेबलात सतत अपडेट आणि डिलीट होणार, ऑटोव्हॅक्यूमवर लक्ष लागेल. ईमेल पाठवल्यावर पण ओळ बंद करण्याआधी वर्कर पडला तर ईमेल दोनदा जाऊ शकतो.
>
> पुन्हा विचार कधी: हेच संदेश दुसऱ्या सेवेलाही हवे झाले तर, किंवा ऑटोव्हॅक्यूम मागे पडू लागला तर.

शेवटचा रकाना नीट बघा. ‘भविष्यात गरज पडल्यास’ असं लिहिलं असतं तर तो रकाना वाया गेला असता. अट अशी हवी की ती घडली की नाही हे ग्राफवर किंवा इश्यूमध्ये दिसेल.

भाषेबद्दल थोडं. चर्चा मराठी-हिंदीत रंगते आणि नोंद इंग्रजीत लिहायची म्हटली की दहा ओळींची दोन वाक्यं होतात, त्यात नेमकं कारणच गळतं. टीममधले सगळे मराठी वाचत असतील तर बिनधास्त मराठीत लिहा. एखादा जरी वाचत नसेल तर सगळ्यांना येणारी भाषा घ्या. मॉड्यूल आणि टेबलांची नावं मात्र कोडमध्ये आहेत तशीच ठेवा, नाहीतर शोधून मिळणार नाहीत.

सावधान: मजकूर मराठीत असला तरी फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा. गिट मुळातल्या सेटिंगनुसार देवनागरी फाइलनावं आकड्यांच्या एस्केपमध्ये दाखवतं, आणि पत्ता जुळवणाऱ्या स्क्रिप्ट गुपचूप फसतात. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग बंद करून हे टाळता येतं, पण ते प्रत्येक मशीनवर आणि सीआयवरही (प्रत्येक बदलावर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेवरही) करावं लागेल.

## यंत्रणा बसवणं

### ४. कमिटच्या वेळी आठवण

इथे दोन हुक कामाचे. ‘प्रिपेअर-कमिट-मेसेज’ हुक एडिटर उघडण्याआधी मेसेजमध्ये मजकूर घालतो. ‘कमिट-मेसेज’ हुक लिहिलेला मेसेज तपासतो.

पहिल्या हुकने स्टेज झालेल्या (कमिटसाठी निवडलेल्या) फाइली यादीशी ताडून बघाव्यात. जुळल्या तर मेसेजच्या शेवटी ‘डिसिजन’ नावाचा रिकामा ट्रेलर घालावा. त्यात माणसाने नोंदीच्या फाइलचं नाव लिहायचं. ट्रेलर म्हणजे मेसेजच्या अगदी शेवटच्या परिच्छेदातली ‘नाव, कोलन (:), मूल्य’ अशी ओळ. लिनक्स कर्नलमध्ये ‘साइन्ड-ऑफ-बाय’ आणि ‘फिक्सेस’ या ओळी असतात, तोच प्रकार. गिटला त्या वेगळ्या काढून वाचता येतात, म्हणून मोकळ्या वाक्यापेक्षा ट्रेलर बरा.

इथल्या नेहमीच्या चुका:

- ट्रेलरचं नाव देवनागरीत ठेवणं. ट्रेलरच्या नावात गिट फक्त रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ ओळखतं. मूल्य मराठीत चालेल, नाव नाही.
- ट्रेलरच्या आधी कोरी ओळ न सोडणं. मग तो परिच्छेदाचाच भाग होतो.
- मर्ज, स्क्वॉश (अनेक कमिट एकात मिळवणं) आणि अमेंडच्या (शेवटचा कमिट दुरुस्त करण्याच्या) वेळीही ट्रेलर पुन्हा घालणं. मेसेज कुठून आला हे गिट हुकला दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये सांगतं. ते तपासा आणि अशा वेळी गप्प बसा.

हुक क्लोनबरोबर (रेपोची आपल्या मशीनवर घेतलेल्या प्रतीबरोबर) येत नाहीत. ते रेपोतल्या साध्या फोल्डरमध्ये ठेवून ‘कोअर डॉट हुक्सपाथ’ तिकडे वळवा (गिट २.९ पासून ही सोय आहे). तरी हे सेटिंग प्रत्येकाला एकदा करावंच लागतं, तेव्हा ते प्रोजेक्ट उभा करण्याच्या स्क्रिप्टमध्येच टाका. आणि कमिट करताना ‘नो-व्हेरिफाय’ हा पर्याय दिला की ‘कमिट-मेसेज’ हुक चालतच नाही. म्हणून हुककडून आठवणीपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. खरा फाटक पुढे आहे.

### ५. पुल रिक्वेस्टवर फाटक

सीआयमध्ये एक छोटं काम लावा. बदललेल्या फाइलींची यादी काढा. त्यात पहिल्या टप्प्यातला एखादा पत्ता असेल, तर याच पुल रिक्वेस्टमध्ये नोंदीची नवी फाइल आहे का, किंवा ट्रेलरमध्ये आधीच्या नोंदीचा हवाला आहे का, ते बघा. दोन्ही नसेल तर अडवा.

पळवाट मुद्दाम ठेवा: ट्रेलरमध्ये ‘निर्णय नाही’ आणि पुढे एका ओळीचं कारण. ही वाट नसेल तर लोक निरर्थक नोंदी भरतील, आणि निरर्थक नोंद ही नसलेल्या नोंदीपेक्षा वाईट. पण ती वाट किती वापरली जाते ते दर महिन्याला मोजा. एकाच फोल्डरसाठी ती सारखी वापरली जात असेल तर ते फोल्डर यादीतून काढा.

पहिले काही आठवडे फक्त इशारा द्यावा, अडवू नये. यादीतले घोळ याच काळात निस्तरतात.

सावधान: गिटहब ॲक्शन्सची नेहमीची चेकआउट पायरी फक्त शेवटचा एक कमिट आणते. मुख्य ब्रँचशी तुलना करायला इतिहासच नसतो, आणि स्क्रिप्ट कशी लिहिली आहे त्यानुसार ती एकतर कोसळते किंवा ‘काहीच बदललं नाही’ म्हणून हिरवी होते. दुसरा प्रकार जास्त घातक. ‘फेच-डेप्थ’ शून्य करा, आणि तुलना मुख्य ब्रँचच्या टोकाशी न करता दोन्ही ब्रँच जिथे फुटल्या त्या कमिटशी करा.

सावधान: स्क्वॉश मर्ज वापरत असाल तर ब्रँचवरच्या कमिटमधले ट्रेलर मुख्य ब्रँचवर पोचतीलच असं नाही. रेपोच्या सेटिंगमध्ये स्क्वॉशचा मेसेज कशातून बनतो ते निवडता येतं. तिथे पुल रिक्वेस्टचं शीर्षक आणि वर्णन निवडा, आणि ट्रेलर वर्णनाच्या शेवटी लिहायची सवय लावा.

तपासणी: मुद्दाम एक खोटी मायग्रेशन फाइल घालून पुल रिक्वेस्ट उघडा. ती अडली पाहिजे. मग नोंद घाला, सुटली पाहिजे. मर्ज केल्यावर मुख्य ब्रँचच्या लॉगमध्ये ट्रेलर दिसला पाहिजे. तिन्ही झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

### ६. मसुदा यंत्राकडून

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

भाषा-मॉडेलला नुसता डिफ देऊन ‘हा निर्णय का घेतला ते लिही’ म्हटलं की ते सुरेख उत्तर देतं. ‘स्केलेबिलिटी’ येते, ‘देखभाल सोपी’ येतं. वाचायला सगळं पटतं, आणि त्यातलं एकही कारण टीममध्ये कुणी उच्चारलेलं नसतं. डिफमध्ये कारण नसतंच, मग ते येणार कुठून? अशी नोंद दोन वर्षांनी कुणीतरी पुरावा म्हणून वापरतो.

म्हणून मॉडेलला डिफबरोबर जिथे माणसं बोलली ते सगळं द्या: मूळ इश्यू, पुल रिक्वेस्टचं वर्णन, रिव्ह्यूमधल्या कॉमेंट, आणि चर्चा चॅटवर झाली असेल तर त्यातला निवडक भाग. सूचना कडक लिहा. साधारण अशी:

> खालच्या मजकुरात स्पष्ट लिहिलेली कारणंच नोंदव. प्रत्येक कारणापुढे ते कुठून घेतलं त्या कॉमेंटचा दुवा दे. दुवा देता येत नसेल तर ते कारण लिहू नकोस, त्या जागी ‘कारण नोंदलेलं नाही’ असं लिही. पर्याय चर्चेत आले नसतील तर स्वतःहून सुचवू नकोस. स्थिती नेहमी ‘प्रस्तावित’ ठेव.

‘कारण नोंदलेलं नाही’ ही ओळ या टप्प्याची खरी कमाई आहे. ती दिसली की लेखकाला नेमकं काय विचारायचं ते कळतं, आणि तो माणूस अजून टीममध्ये असतो.

कोड लिहिणारा एआय एजंट वापरत असाल तर आणखी एक अडचण येते. एजंट वाटेत डझनभर छोट्या निवडी करतो: ही लायब्ररी, तो लॉक, अमुक रीट्राय. सत्र लांबलं की आधीचा संवाद आवळून टाकला जातो आणि सुरुवातीचा विचार त्यात गडप होतो. शेवटी ‘आता निर्णय लिही’ म्हटलं तर तो आठवून लिहीत नाही, कोडकडे बघून तर्क लढवतो. यावर उपाय म्हणजे एजंटच्या सूचना-फाइलीत नियम घालणं: दोन पर्यायांतून एक निवडताना, कोड लिहिण्याआधी, कामाच्या टिपण-फाइलीत तीन ओळी जोड. काय निवडलं, काय सोडलं, कशामुळे. एजंटच्या टूलमध्ये सत्र संपताना किंवा संवाद आवळण्याआधी चालणारे हुक असतील तर त्यांवर हे टिपण जपून ठेवणारी स्क्रिप्ट लावा. मसुदा त्या टिपणावरून बनवा.

संवादाची आख्खी नक्कल रेपोमध्ये टाकू नका. तिच्यात पासवर्ड, टोकन, ग्राहकांचा डेटा, कुणाची तरी वैयक्तिक टिप्पणी, काहीही असू शकतं. गिटच्या इतिहासात एकदा गेलेली गोष्ट पुसणं म्हणजे इतिहास नव्याने लिहिणं आणि प्रत्येकाच्या क्लोनचा पाठलाग करणं. मसुद्यावर कमिटच्या आधी गुपितं शोधणारा स्कॅनर चालवा. टोकन गेलंच असेल तर आधी ते रद्द करा, इतिहास नंतर बघू.

### ७. मंजुरी माणसाची

मसुदा कोडच्याच पुल रिक्वेस्टमध्ये यावा. ‘नोंद नंतर वेगळी देतो’ याला परवानगी दिलीत की ती येत नाही. ‘प्रस्तावित’चं ‘मंजूर’ करणारा माणूस मसुदा बनवणाऱ्याहून वेगळा असावा. बॉटच्या खात्याला स्थिती बदलण्याचा हक्क देऊ नका.

यासाठी कोडओनर्स फाइलमध्ये नोंदींच्या फोल्डरला मालक नेमा. एवढ्याने मात्र फक्त रिव्ह्यूची विनंती जाते. मर्ज अडायचं असेल तर ब्रँच संरक्षणात ‘कोड ओनरचा रिव्ह्यू आवश्यक’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. हे हमखास राहून जातं.

रिव्ह्यू करणाऱ्याने एकच प्रश्न धरावा: नाकारलेल्या पर्यायाचा कट्टर समर्थक हे वाचेल तेव्हा ‘माझी बाजू नीट मांडली आहे’ असं म्हणेल का? ‘काफ्का: जड आहे’ एवढंच लिहिलं असेल तर परत पाठवा.

## नोंदी जिवंत ठेवणं

### ८. क्रमांक आणि बदल

अनुक्रमांक देत असाल तर दोन ब्रँचवर एकाच वेळी तोच क्रमांक पडतो. फाइलींची नावं वेगळी असल्याने गिट कॉन्फ्लिक्टही दाखवत नाही, दोन ‘४२’ शेजारी शेजारी राहतात. तारीख आणि छोटं शीर्षक मिळून फाइलचं नाव करा, प्रश्न मिटला.

मंजूर नोंद दुरुस्त करायची नाही. निर्णय फिरला तर नवी नोंद लिहायची आणि जुनीची स्थिती ‘बदलली, पाहा अमुक’ एवढीच करायची. दुवा दोन्हीकडून हवा. मंजूर फाइलीत स्थितीच्या ओळीपलीकडे काही बदललं तर सीआयने इशारा द्यावा. टंकनदोष सुधारणाऱ्याला थोडा त्रास होईल, होऊ दे.

### ९. कोडपासून नोंदीपर्यंतची वाट

नोंद शोधायला कुणी फोल्डर उघडत नाही. माणूस विचित्र दिसणाऱ्या ओळीवर अडखळतो, तिथेच दुवा हवा. अशा जागी नोंदीच्या फाइलनावाची एक ओळीची कॉमेंट ठेवा, आणि कॉमेंटमध्ये दिलेली फाइल खरोखर आहे का ते सीआयमधून तपासा. कॉमेंट नसेल तिथे ‘गिट ब्लेम’ने (ओळ शेवटची कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेने) कमिट आणि कमिटमधून ट्रेलर. फॉरमॅटिंगच्या मोठ्या कमिटमुळे ब्लेम भलतीकडे नेत असेल तर ते कमिट दुर्लक्षित करायची यादी गिट २.२३ पासून देता येते. ओळ केव्हाच काढून टाकलेली असेल तर ‘गिट लॉग’चा मोठा ‘एस’ हा पर्याय, तो मजकूर कधी आला आणि कधी गेला ते दाखवतो.

‘गिट नोट्स’चा मोह काहींना होतो, कारण कमिट न बदलता त्यावर टिपण जोडता येतं. पण नोट्स नेहमीच्या पुश-पुलबरोबर जात नाहीत, त्यासाठी वेगळी मांडणी लागते. टीमसाठी मी त्या वापरणार नाही.

एआय एजंटला जुने निर्णय पाळायला लावायचे असतील तर सगळ्या फाइली त्याच्यापुढे ओतू नका. फक्त ‘मंजूर’ नोंदींची शीर्षकं आणि पत्ते असलेली सूची स्क्रिप्टने दर मर्जला बनवा, आणि त्या फोल्डरमध्ये काम करताना संबंधित नोंद आधी वाच, असं सांगा. बदललेल्या नोंदी सूचीत राहिल्या तर एजंट इमानेइतबारे जुनाच निर्णय पाळतो.

तपासणी: टीममध्ये नुकत्याच आलेल्या माणसाला कोडमधली एक चमत्कारिक जागा दाखवा आणि कुणालाही न विचारता कारण शोधायला सांगा. तो कुठे अडला ते शेजारी बसून बघा. पुढची दुरुस्ती तिथेच करायची.

### १०. जुन्या निर्णयांचं काय?

मागच्या पाच वर्षांच्या नोंदी एका दमात लिहून काढायची मोहीम काढू नका, आणि मॉडेलला सगळा इतिहास देऊन तर मुळीच नाही. सहाव्या टप्प्यातली बनावट कारणं घाऊक भावात तयार होतील. जुन्या भागाला हात लावावा लागला की तेवढ्यापुरती नोंद करा. लिहिल्याची आजची तारीख टाका, स्थितीत ‘मागाहून लिहिलेली’ असं नमूद करा, आणि कारण कोणाच्या सांगण्यावरून किंवा कोणत्या कमिटवरून घेतलं ते लिहा. सांगणारा कुणीच उरला नसेल तर ‘कारण माहीत नाही; या भागाच्या टेस्ट अमुक ठिकाणी आहेत, बदल करण्याआधी त्या चालवा’ एवढंच लिहून मर्ज करा.